बांधावरचा वास

वास आधी बैलांना लागला.

वळवाचे दोन सडाके होऊन गेले होते. माळाच्या रानात सोमलिंग कुळव हाकत होता आणि त्याची भावजय शिवम्मा मागं मागं धसकटं वेचत होती. उन्हं कलली, तशी बैलजोडी मावळतीच्या बांधापासून दहा पावलांवर थबकली. तांबड्यानं नाक वर केलं, फुरफुरला आणि मागं सरायला लागला. सोमलिंगानं शेपूट पिरगाळलं, चाबूक ओढला. बैल पाऊल पुढं टाकेना. तेवढ्यात वारं फिरलं आणि शिवम्मानं पदर नाकाला लावला.

मढ्याचा वास होता. उंदरा-घुशीचा नव्हे, मोठ्या जिवाचा. गोडसर, जड, घशात उतरून बसणारा.

"कोल्हं मेलं आसंल कुठंतरी," सोमलिंग म्हणाला आणि त्यानं कुळव खालच्या अंगाला वळवला.

शिवम्मा धसकटांची मोळी काखेत धरून उभीच राहिली.

साडेचार वर्षांमागं, पौषात, तिचा नवरा महांतप्पा ह्याच रानातून नाहीसा झाला होता. महांतप्पा थोरला, सोमलिंग धाकटा. वाटणीवरून दोघांत धुसफूस होती. काळं रान कोणी घ्यायचं आणि माळ कोणी, एवढीच. त्या दिवशी सकाळी दोघं मिळून रानात गेले आणि दिवस मावळताना एकटा सोमलिंग परत आला. "दादा रागानं सोलापूरच्या वाटंला लागला. पलटणीत जातो म्हनला," त्यानं सांगितलं. लढाई चालू होती, इंग्रजी मुलखात भरती चालली होती, त्यांच्या येळगुंडी गावातूनही दोघं गेले होते. गावानं ऐकलं आणि मान डोलावली. शिवम्माच्या भावानं सोलापुरात चार खेपा घातल्या. कुठं नाव नाही, पत्ता नाही.

त्या पौषात, हुरड्याच्या दिवसांत, पंधरा दिवस रानात असाच वास फिरत होता. तेव्हाही सोमलिंग कोल्हंच म्हणाला होता. मग गेल्या साली मृगाच्या तोंडाला वास पुन्हा आला. आणि आज.

आता लढाई संपून साल होत आलं होतं. गेलेल्या दोघांतला एक परतला होता, दुसऱ्याच्या मरणाचं कार्ड आलं होतं. महांतप्पाचं काहीच नाही. शिवम्माच्या पोटी लेकरू नव्हतं. सासू शांताक्का डोळ्यांनी गेलेली. घर धाकट्या जावेच्या, नीलम्माच्या हातात. शिवम्मा सगळ्यांच्या आधी उठे, सगळ्यांच्या मागून खाई आणि हातात बांगड्या भरून वाट बघत बसे. गावात लग्नकार्य निघालं की बायांना कोडं पडे, हिला कुंकू लावायचं की नाही. मग कोणीतरी तिला ओलांडून पुढच्या बाईला लावून टाकी.

सोमलिंग बैल घेऊन ओढ्याकडं गेला तसा तिनं विळा उचलला आणि ती बांधावर चढली.

बोराटी आणि घायपात माजलेलं होतं. वास वाढत गेला. माशांचं घोंघावणं आधी ऐकू आलं, मग तिनं विळ्यानं फांदी वर केली आणि तिचा हात तसाच राहिला.

जमिनीतून एक दांडा वर आला होता, हातभर उंच. पान नाही, फांदी नाही, काही नाही. उघड्या मातीतून सरळ वर आलेला. हिरवट अंगावर राखेसारखे पांढुरके ठिपके, थेट घोणशीची कात. टोकाला वाटीसारखं पसरट पान उघडलेलं; बाहेरून मळकट, आतून जांभळट-काळं, जुन्या रक्ताच्या रंगाचं. त्याच्या मधून सुरकुतलेलं, बोटासारखं एक काळसर बोंड वर आलेलं. माशा त्यावर लगडल्या होत्या. काळे किडे आत उतरत होते आणि वर येत नव्हते.

तिनं श्वास धरला आणि बोंडाला हात लावला.

ते गरम होतं.

उन्हाचं गरम नव्हे. तिथं सावली होती, माती गार होती. ताप आलेल्या माणसाचं मनगट धरावं तसं ते गरम होतं. शिवम्मानं हात मागं घेतला. हाताला वास लागला होता. ती बांधावर खाली बसली आणि तिच्या तोंडून हळू निघालं, "हितं हाय व्हय तुमी."

मोळी तिथंच टाकून ती गावात आली ती नीट चावडीवर.

अमीनसाहेब, ठाण्याचे फौजदार, सरकारी लेव्हीची ज्वारी वसूल करायला दोन दिवसांपासून चावडीवर मुक्कामाला होते. ठाण्याचा अमीन आपल्या गावात बसलाय, असा दिवस पुन्हा कधी येणार होता? कल्याणप्पा पाटील शेजारी सतरंजीवर बसले होते. शिवम्मा पायरीखाली उभी राहिली. पदर कपाळाखाली ओढून तिनं एका दमात सगळं सांगितलं. असं मोठ्यानं ती कधी कोणाशी बोललेली नव्हती.

"क्या बोलती जी ये?" अमिनानं विचारलं.

पाटलानं समजावून सांगितलं. नवरा बेपत्ता, रानात मढ्याचा वास, बाई म्हणते खोदून बघा.

"दिरावर शक?"

"न्हाय, म्या कुनाचं नाव घेत न्हाय," शिवम्मा म्हणाली. "वास कुठनं येतो तेवढं बघा."

अमिनानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या. "सुबह देखेंगे," तो म्हणाला.

घरी त्या संध्याकाळी कोणी तिच्याशी बोललं नाही. सोमलिंगाला कळलं होतं. तो ओसरीवर चाबकाची वादी वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. शांताक्कानं मात्र कोपऱ्यातून विचारलं, "शिवम्मा, तुज्या अंगाला कसला वास येतोय गं?"

"रानातला हाय, अव्वा," ती म्हणाली आणि राखेनं पुन्हा हात घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी दहाएक वाजता अमीन घोड्यावरून निघाला. मागं पाटील, दोन जवान, वेठीला धरलेली दोन माणसं आणि त्यांच्या मागं निम्मं गाव. पहार आणि खोरं सोमलिंगानं स्वतः घरून आणलं होतं. बांधावरची बोराटी त्यानंच तोडून वाट केली.

वास नव्हता. म्हणजे होता, पण नाक खाली नेलं तरच. काल सगळ्या रानावर पसरलेला तो वास पार उतरला होता. वाटीसारखं ते पान मलूल होऊन एका अंगाला लवलं होतं. माशाही फारशा नव्हत्या.

"किधर है बास?" अमीन म्हणाला.

"काल हुता," शिवम्मा म्हणाली.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. तरी तो ठिपक्यांचा दांडा बघून पुढं सरायचं धाडस कोणाला होईना. वेठीच्या माणसांनी लांबूनच पहार घातली. माती भुसभुशीत होती. हातभर खोल गेल्यावर एकाची पहार कशावर तरी बसली. आवाज दगडाचा नव्हता. त्यानं हातानं माती सारली. काहीतरी गोल दिसलं. नारळापेक्षा मोठं, मातकट, वरून जरा चेपलेलं, कडेनं केसांसारखी मुळं सुटलेली.

"डोस्कं हाय," तो म्हणाला आणि खड्ड्याबाहेर आला.

बाया मागं सरल्या. अमिनानं रुमाल नाकाला लावला. शिवम्मा जागची हलली नाही. सोमलिंग मात्र शांतपणे खड्ड्यात उतरला, दोन्ही हातांनी ते गोल उपसून काढलं, वर घेऊन आला आणि पाटलाच्या पायाशी ठेवलं. वर तांब्यातलं पाणी ओतलं. माती निघाली. पहार लागलेल्या जागी आतला गर दिसत होता, पांढरा, चिकट.

"कंद हाय की ह्यो," पाटील म्हणाले.

आधी कोणीतरी नाकातून हसलं. मग सगळं रान हसायला लागलं.

"शिवम्मा, घिऊन जा तुज्या नवऱ्याला घरला," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

हसण्याच्या भरात वेठीचा एक माणूस घाम पुसत उगवतीच्या कोपऱ्याकडं निघाला. तिथं बाभळीखाली दगडांचा मोठा ढीग होता, बसायला सावली. सोमलिंगानं त्याला हटकलं. "तिकडं नगं बसू. दगडात इच्चू हायत. हितं ये, पानी पी." आणि आपला तांब्या त्याच्या हातात दिला.

मग तो अमिनापुढं हात जोडून उभा राहिला. "वैनीचं डोकं ठिकाणावर न्हाय, साहेब. दादा गेल्यापासनं आसंच चाललंय. माफी आसावी."

अमिनानं शिवम्माकडं न बघताच पाटलाला सांगितलं, की ही भाजी त्या बाईच्या डोक्यावर द्या आणि गावातून न्या. म्हणजे पुन्हा सरकारचा वेळ खायची नाही. एका जवानानं कंद तिच्या डोक्यावर ठेवला. चांगला चार शेरांचा होता. त्याचं पाणी तिच्या कपाळावरून डोळ्यांत येत होतं आणि डोळे चुरचुरत होते. तिनं कंद दोन्ही हातांनी धरला आणि ती चालायला लागली. वेशीपासून घरापर्यंत दारादारात माणसं उभी होती.

घरी नीलम्मानं विळी पुढं सरकवली. "आणलंयस तर रांध आता. धान्य लेव्हीत चाललंय, खायला काय तरी लागंलच की, अक्का."

शिवम्मा चिरायला बसली. तिसऱ्या फोडीलाच तळव्यांत सुया टोचल्यागत झालं. मग बोटं सुजली, मनगटांपर्यंत लाल झाली. तिनं फोडी तशाच टोपल्यात भरल्या आणि ती ओढ्याकाठच्या चिंचेखाली येऊन पाण्यात हात बुडवून बसली. रडायला यावं असं तिला वाटत होतं, पण येत नव्हतं.

गोरोबा कुंभार तिथं माती काढत होता. म्हातारा झाला होता, पण मडक्यांची माती दुसऱ्या कोणाला काढू देत नसे. त्यानं तिचे हात बघितले, काही न विचारता चिंचेचा कोवळा पाला ओरबाडून आणला आणि दगडावर ठेचला.

"चोळ हे. पान्यानं खाज वाढती," तो म्हणाला. "आन् त्या फोडी चिचंच्या पाल्यात दोनदा उकड. पहिलं पानी फेकून दे. न्हायतर घसा धरंल सगळ्यांचा."

"काय हाय ते, बाबा?"

"रानसुरण. माती काढताना लई घावतं. आदी फूल येतं, पान मागनं. फूल वाळून गेलं की म्हैना-पंदरा दिसानं एकच दांडा येतो, वर छत्रीगत पान. आस्विनात ते पिवळं पडून गळतं. मग आठ म्हैने वर काय म्हनून दिसत न्हाय. खाली निजून आसतंय. दर सालाला जुना कंद खंगतो आन् त्याच्याच डोस्क्यावर नवा बसतो, आदल्यापरीस मोठा. तुजा हाच दहा-बारा सालांचा तर आसंलच."

शिवम्मा पाला चोळत होती. "बाबा, ते गरम हुतं."

"आसतंय. फुललेल्या सांजंला अंग तापतं त्याचं. त्यानंच वास लांब जातो, माशा येतात. पन एकच सांज. दुसऱ्या दिशी गार पडतं आन् वास बी जातो. म्हून तर तुजं हसू झालं. कालच आला आस्ता अमीन, तर नाक धरून पळाला आस्ता." म्हातारा स्वतःशीच हसला आणि पुन्हा खोऱ्याला लागला.

शिवम्माचे हात थांबले.

"एकच सांज?" तिनं विचारलं.

"लई तर दीड दिस."

"आन् पौषात? पौषात फुलतं का कधी?"

"पौषात?" गोरोबानं वर बघितलं. "पौषात ते जमिनीत मेल्यागत पडल्यालं आसतंय, लेकी. वर बारकं मूळ सुदिक दिसायचं न्हाय."

ओढ्याच्या पाण्यावर ऊन हलत होतं. हाताची आग कमी होत गेली तसं तिला एकेक आठवत गेलं. पौषातला तो वास पंधरा दिवस होता. सकाळच्या उगवतीच्या वाऱ्यावर यायचा आणि दुपारी वारं पडलं की जायचा. रानसुरण मावळतीच्या बांधावर होतं. उगवतीला काय होतं? बाभळ होती. बाभळीखाली दगडांचा ढीग. तो ढीग पूर्वी नव्हता. त्याच पौषात सोमलिंग रोज दगड वाहून तिथं टाकत होता. राखणीला बसायला वटा करतोय म्हणाला होता. ज्वारी उभी असताना, कणसं हुरड्यात असताना, कोण रानातले दगड वेचतं? तिनं तेव्हा डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्याला भाकरीही नेऊन दिली होती. त्या दगडांवर बसूनच त्यानं ती खाल्ली होती.

तिनं चिंचेचा पाला ओटीत भरला आणि ती घरी गेली. फोडी दोनदा उकडल्या, कालवण केलं. सगळ्यांनी खाल्लं. सोमलिंगानं दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती न्याहारी घेऊन रानात आली ती पाटी डोक्यावर घेऊनच.

"मावळतीच्या बांधाला भगदाड पडलंय," ती सोमलिंगाला म्हणाली. "कालच्या खड्ड्यानं. मृगाचं पानी आलं तर माती वाहून जाईल. दगड घालते."

"घाला," तो म्हणाला. भाकरी मोडता मोडता त्याचा हात जरासा थांबला. "दगड कुठले घेनार?"

"हायत की बाभळीखाली."

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग तो उठला आणि कुळवाला जाऊन भिडला.

त्या दिवसापासून रानात दोघंच असत. तो मधल्या तुकड्यात कुळव मारी आणि ती उगवतीच्या कोपऱ्यातून मावळतीच्या बांधापर्यंत दगड वाही. शंभर पावलं जाताना, शंभर पावलं येताना. पाटी डोक्यावर, मान ताठ. तिला त्याच्या पुढ्यातूनच जावं लागे. कुळव आडवा आला की ती थांबे. तो बैल ओढून धरी, ती पुढं जाई. बैलांच्या गळ्यातली घुंगरं आणि बांधावर दगड पडल्याचा आवाज, एवढंच. आभाळ रोज भरून येई आणि न पडता जाई. अंगाला कपडे चिकटत. ढिगाखाली खरंच विंचू होते. दोन तिनं दगडानंच ठेचले.

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. दगड उचलायला वाकली की पाठ उघडी पडे आणि पाठीला डोळे फुटल्यासारखं होई. घुंगरं थांबली की तिचाही श्वास थांबे. पुन्हा वाजली की ती दगड उचली. तिसऱ्या दिवशी तिच्या हातांची सालं निघाली. चौथ्या दिवशी ढीग गुडघ्याएवढा राहिला. घरी सोमलिंग जेवेनासा झाला होता. नीलम्मा म्हणे, सुरण बाधलं. शांताक्का भिंतीला टेकून दोघांच्या पावलांचा कानोसा घेई.

पाचव्या दिवशी दुपारी ढिगाच्या तळाचे दगड लागले. मोठे, दोघांनी उचलायचे. शिवम्मानं पहार घातली, अंग टाकलं, दगड हलेना. तिनं पुन्हा जोर लावला. पहार सटकली आणि ती तोंडावर पडली. ओठ फुटला. ती तशीच मातीत बसून राहिली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की घुंगरं वाजत नाहीत. बराच वेळ झाला, वाजत नाहीत.

सोमलिंग तिच्या मागं उभा होता. हातात काही नव्हतं.

"सरा, वैनी," तो म्हणाला. "तुमच्यानं व्हायचं न्हाय."

ती सरकली नाही. त्यानं तिच्या हाताजवळची पहार उचलली. पायताण काढून बाजूला ठेवलं, जसं देवळात जाताना काढतात. मग त्यानं पहार दगडाखाली घातली आणि दगड उलथून टाकला. मग दुसरा. मग तिसरा. खाली माती दबून घट्ट झाली होती. तो बसून खोऱ्यानं हळूहळू ओढायला लागला. घामाच्या धारा नाकावरून खाली पडत होत्या.

"दगड हातात हुता," तो मातीकडं बघत म्हणाला. "बांधाचा. दादा म्हनला, काळं रान मी घेतो, तू माळ घे, तुला तेवढंच जमंल. म्या मारायचं म्हनून मारला न्हाय. मारला खरा."

शिवम्मा ऐकत होती. साडेचार वर्षं तिनं मनात ह्या घटकेची तयारी केली होती. काय बोलायचं, कसं ओरडायचं. त्यातलं आता काहीच कामाचं नव्हतं.

खोरं थांबलं. सोमलिंगानं बोटांनी माती सारली, तशी आडवी पडलेली हाडं उघडी झाली; त्यांतून एक काळवंडलेली वस्तू काढून त्यानं तिच्यापुढं धरली. गळ्यातला शिवदोरा कुजून गेला होता. पण त्यात ओवलेली चांदीची डबी, करडगी, तशीच होती, आत लिंग होतं. तिच्या लग्नाआधीपासून ती महांतप्पाच्या छातीवर होती. शिवम्मानं ती पदरानं पुसली आणि मुठीत धरली.

"तुमी त्यांना निजवलंत," ती म्हणाली.

"व्हय."

"आपल्यात निजवतात व्हय?"

त्यांच्यात मेलेल्याला बसवून माती देतात. मांडी घालून, लिंग डाव्या तळहातावर ठेवून, जिवंत माणूस पूजेला बसतो तसं. रस्त्यावर मेलेल्या परक्यालाही तेवढं मिळतं. इथं तिचा नवरा कुशीवर मुटकुळं करून पडला होता, वर चार गाड्या दगड घेऊन.

"हितंच बसा," ती म्हणाली. "म्या अव्वाला घिऊन येते."

तेव्हा मात्र तो घाबरला. "अव्वाला नगं, वैनी. पाटलाला आना, अमिनाला आना. तिला नगं."

ती निघाली होती.

घरी तिनं सासूच्या हातात करडगी ठेवली. शांताक्कानं ती बोटांनी चाचपली. झाकणावर लहानपणी पोरानं दात लावून चेपवलेली जागा होती. तिथं तिचं बोट गेलं आणि तिथंच फिरत राहिलं. तिनं एवढंच विचारलं, "कुठं?"

"माळाच्या रानात."

"सोमलिंग हाय तितं?"

"हाय."

म्हातारी उठली. "इबूत घे," ती म्हणाली. नीलम्मा चुलीपाशी उभी होती. दोघींची तोंडं बघून तिनं हातातली परात खाली ठेवली आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

म्हातारीला हाताला धरून रानात न्यायला तासभर लागला. सोमलिंग सांगितल्या जागीच होता. मधल्या वेळात त्यानं खड्डा रुंद केला होता आणि उत्तरेकडं तोंड करून बसता येईल असा कोनाडा कोरला होता. हाडं सगळी एका धोतराच्या फडक्यावर काढून ठेवली होती. पण ती कशी लावायची ते त्याला उमगत नव्हतं. शिवम्मालाही नाही. जिवंत अंग बसवता येतं. हाडं कशी बसवायची?

शांताक्का कडेला बसली आणि तिनं हात पुढं केला. "द्या. मला द्या."

ती एकेक हाड हातात घेई, टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवी आणि सांगी. हे मांडीचं, उजवीकडं ठेव. हे दंडाचं. ही बरगडी. कधी चुकत नव्हती. एका नडगीवर तिची बोटं थांबली. "हितं गाठ हाय बग. आंब्यावरनं पडला तवाची. सा म्हैने न्हाऊ घातलं न्हवतं." मग तीही दिली. शिवम्मा खड्ड्यात उतरून एकेक घेत होती आणि सांगेल तसं लावत होती. पायांची मांडी झाली. त्यावर कंबर, त्यावर मणके. कोनाड्याच्या मातीला टेकवत टेकवत एक माणूस खालून वर बसत आला. डाव्या हाताची बारीक हाडं तिनं मांडीत मांडली आणि त्यावर करडगी उघडून लिंग ठेवलं. वारा पार पडला होता. बैल कुळवाला जुंपलेलेच उभे होते आणि इकडंच बघत होते.

शेवटी डोकं राहिलं. ते म्हातारीनं मांडीवर घेतलं. कपाळावरून हात फिरवला, डोळ्यांच्या खाचांवरून, जबड्यावरून. मग मागच्या बाजूला, डाव्या कानाच्या वर, तिचा हात अडला. तिथं बोट जाईल एवढी खोक होती. तिनं बोट बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

"सोमलिंगा."

तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"तुजा श्वास ऐकू येतोय मला. ये हिकडं. हात दे."

तो गुडघ्यांवर बसला. तिनं त्याचा उजवा हात धरला, चाचपून अंगठ्याशेजारचं बोट वेगळं केलं आणि ते त्या खोकेत ठेवलं. वरून आपला हात दाबून धरला. किती वेळ, ते शिवम्माला सांगता आलं नसतं. सोमलिंगाचे खांदे हलायला लागले, तरी म्हातारीनं हात सोडला नाही.

"दोघंबी माजीच," ती म्हणाली. "आता जा. चावडीवर जाऊन सांग. अमीन पुडल्या गावाला गेला आसंल तर तितवर जा."

तिनं हात सोडला. तो उठला. शिवम्माकडं त्यानं एकदा बघितलं, पण तिच्या हातात आता डोकं आलं होतं आणि ती ते दोन्ही हातांनी, सांडू नये अशा बेतानं, मणक्यांवर टेकवत होती. तो पाणंदीकडं निघाला. अनवाणी होता. ढेकळांतून, काट्यांतून, नांगरट तुडवत चालला होता. मागं वळला नाही.

"गेला का?" शांताक्कानं विचारलं.

"गेला."

"कोनच्या वाटंनं?"

शिवम्मा खड्ड्यातून उभी राहिली आणि तिनं लांबवर बघितलं. पाणंद पुढं फुटत होती. एक वाट सोलापूरकडं जात होती, एक गावाकडं. सोमलिंग फाट्यावर पोचला होता. तिथं तो थांबला. बराच वेळ उभा राहिला. मग चालायला लागला.

"गावाच्या," ती म्हणाली.

म्हातारीनं विभूतीची चिमूट पुढं केली. शिवम्मानं ती महांतप्पाच्या कपाळावर तीन बोटांनी ओढली. मग तिनं आपल्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि त्याच्या मांडीशी ठेवल्या. फोडल्या नाहीत. वर चढून तिनं पहिली ओंजळ माती सासूच्या हातात दिली.